सुताचं खालचं टोक

पहिल्या भेटीत एवारिस्तोने माझा हात हातात घेतला नाही,
नुसताच पाहिला.
"तारखात्यातून काढलंय तुम्हाला. डावखुरे आहात.
आणि आईला पुरलंत ते मंगळवारी."
मंगळवार चुकला होता. बुधवार होता.
मी बोललो नाही. खोलीचं भाडं अर्धं होणार होतं,
आणि माणूस इतका खूश दिसत होता.

वाल्पाराइसोच्या टेकडीवर, पत्र्याच्या त्या पिवळ्या घरात
(उरलेला जहाजी रंग, त्यामुळे गंज बाहेरून दिसायचा नाही)
सात वर्षं आम्ही एकमेकांना 'तुम्ही' म्हणालो.
तो सुतावरून स्वर्ग गाठायचा.
सुताचं खालचं टोक मी धरून उभा.

जकातीच्या कारकुनाचा खून, एका ओल्या आगपेटीवरून.
विधवा मारिन्कोविचचे मोती, पावाच्या भट्टीत.
नोंदी मी लिहायचो. नोंदींत तो जरा उंच होत गेला,
मी जरा मंद.
वाचणाऱ्यासाठी प्रश्न विचारणारं कुणी लागतंच.
एकदा चिडून म्हणालो, "मला काही कळत नाही असं का समजता?"
"तसं तुम्हीच लिहिलंय," तो म्हणाला.

मग गोदीतला तो हमाल, निबाल्दो.
नऊ वर्षं आत गेला, आणि त्याने काही केलं नव्हतं.
हे आम्हाला कळलं तेव्हा पाच सरली होती.
एवारिस्तो भिंतीकडे तोंड करून निजला, तीन आठवडे.
त्या प्रकरणाची वही मी लिहिलीच नाही.
त्याने विचारलं नाही. पण फडताळ उघडून
कोरी वही जागेवर आहे ना, रोज बघायचा.
दर महिन्याला एक पाकीट निबाल्दोच्या बायकोकडे जायचं.
पोचवायला मी. आत किती, मी कधी मोजलं नाही.

भूकंपाच्या रात्री जिन्यात आम्ही दोघे, अंगावर नुसते गंजीफ्रॉक.
त्याच्या हातात भिंग नव्हतं, माझं दम्याचं औषध होतं.
"ऊठ," म्हणाला, "आधी तू ऊठ."
तू.
शहर कोसळत होतं आणि मी व्याकरणात अडकलो होतो.

पुढे कामं आटली. पोलिसांकडे प्रयोगशाळा आली.
त्याचा मोतीबिंदू पिकला, शर्टाची बटणं
एक घर चुकू लागली. मी ती नीट लावायचो,
तो त्या वेळी हवामानाबद्दल बोलायचा.

तेव्हा मी गुन्हेगार झालो.
बुटांना चिखल फासून घरात यायचो.
खिशात माशाचं खवलं. बाहीत तिकिटाचा तुकडा.
कधी मानेला परक्या बाईचं अत्तर, दुकानातून चार थेंब उसने.
"कुठून आलो, सांग."
आणि तो नाक वर करून, एकेक धागा ओढत
मला शहरभर हिंडवून आणायचा,
मी न चढलेल्या पायऱ्यांवरून, मी न भेटलेल्या माणसांकडे.
"बरोबर," मी म्हणायचो. "अगदी बरोबर. कमाल आहे तुझी."
चार वर्षं असं.

काल संध्याकाळी, चहाच्या वेळी,
त्याने माझ्या बुटावरून बोट फिरवलं.
"अकरा दिवस पाऊस नाही.
हा आपल्या जिरेनियमच्या कुंडीतला.
परवाचाही तोच होता."
मी किटली शोधू लागलो. किटली माझ्या हातातच होती.

"कधीपासून माहीत आहे?"
"पहिल्या खवल्यापासून."
"मग बोलला का नाहीस?"
त्याने चाचपत माझा कप ओढला, साखर घातली,
दोन चमचे, एक कण न सांडता.
"तू इतका खूश दिसत होतास."

खाली बंदरात धुक्याचा भोंगा झाला, मग पुन्हा एकदा.
चहा निवला.
"बुधवार होता ना," तो म्हणाला, "तुझ्या आईचा?"